लावताना लेखी, काढताना तोंडी : एका जिल्हा परिषद शाळेतले कोविडचे नियम

१ डिसेंबर २०२१, बुधवार. त्या दिवशी आमच्या शाळेत पहिली ते चौथीची मुलं आली. दुसरीच्या हजेरीपटावर ३४ नावं होती. मी पहिलं नाव पुकारलं, तो मुलगा समोरच बसला होता, पण नुसता माझ्याकडे बघत राहिला. दुसरं नाव, तिसरं नाव, तेच. मग लक्षात आलं की नाव घेतल्यावर ‘हजर’ म्हणायचं असतं हे या मुलांना ठाऊकच नाही. जून २०२० मध्ये ती कागदावर पहिलीत दाखल झाली होती. पहिली संपली, दुसरीचं निम्मं वर्ष सरलं, आणि आज ती पहिल्यांदा वर्गात बसली होती.

मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. सात वर्ग, सहा शिक्षक. मुख्याध्यापक असले तरी दुसरीचा वर्ग माझ्याकडेच होता, छोट्या शाळांत असंच असतं. गावाचं आणि मुलांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ऑक्टोबर २०२१ ते जून २०२२ या नऊ महिन्यांत आम्ही साथीचे नियम एकेक करून सैल केले. काही वेळेवर, काही फार उशिरा, आणि काही जे सैल करायलाच नको होते तेही. त्या उतरणीची ही हकिकत आहे. शाळा बंद कशा झाल्या यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्या पूर्ववत कशा झाल्या, कोणता नियम कुणी, कधी, कशाच्या आधारावर काढला, यावर फार कमी लिहिलं गेलं आहे, आणि शिक्षक म्हणून मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी काय घडलं होतं

मार्च २०२०च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं शासनाने म्हटलं आणि शिक्षकांनी आपापल्या परीने ते केलंही. सोलापुरात नीलमनगर भागातल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, कुणी मंदिराच्या भोंग्यावरून पाढे म्हणून घेतले, आम्ही पारावर चार-चार मुलं बसवून शिकवलं. पण आमच्याकडे दुसरीतल्या मुलाच्या हातात फोन यायचा तो बाप शेतातून आल्यावर, रात्री आठला. तोवर मूल झोपेला आलेलं असायचं. त्यात शिक्षकांना ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चं सर्वेक्षण, नाक्यावरची ड्युटी, रेशन दुकानावरची ड्युटी. २०२१च्या सप्टेंबरमध्ये पंधरा राज्यांतल्या सुमारे चौदाशे वंचित मुलांच्या पाहणीचा अहवाल आला. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं ८ टक्के, आणि अजिबात न शिकणारी ३७ टक्के निघाली. आमच्या गावात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

शाळा उघडण्याचा क्रम असा होता. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट, पुन्हा सगळं बंद. १५ जुलै २०२१ पासून कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावी, तेही महिनाभर गावात एकही रुग्ण नसेल आणि ग्रामपंचायतीने ठराव केला तरच. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने त्याआधीच, जूनमध्ये, पालकांच्या संमतीने शाळा भरवायला सुरुवात केली होती. १० ऑगस्टला शासन निर्णय निघाला की १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवी ते सातवीही सुरू करा. राज्याच्या कोविड कृती दलाने, म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने, हरकत घेतली आणि दोनच दिवसांत तो निर्णय थांबला. आम्ही तोवर वर्ग झाडून, पालकांना निरोप देऊन मोकळे झालो होतो. अखेर ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवी ते बारावी सुरू झाली आणि १ डिसेंबरला पहिली ते चौथी.

हा क्रम नीट बघा. प्रत्येक वेळी मोठी मुलं आधी, लहान मुलं शेवटी. मोठ्यांना बोर्डाची परीक्षा आहे, मोठी मुलं मास्क घालतात, सांगितलं तर ऐकतात, हे त्यामागचं कारण. नियम कोण पाळू शकेल हे पाहून शाळा उघडल्या गेल्या. शाळा बंद राहिल्याने सर्वांत जास्त कुणाचं बुडतं आहे, हा प्रश्न त्या क्रमात कुठेच दिसत नाही. नववीतला मुलगा पुस्तक उघडून निदान वाचू शकतो. जो अजून वाचायलाच शिकलेला नाही त्याला शाळेशिवाय दुसरं साधन नाही.

हे आज सुचलेलं शहाणपण आहे असं कुणी म्हणेल, म्हणून सांगते. २० जुलै २०२१ ला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशव्यापी रक्तचाचणी सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीचे आकडे जाहीर केले. ६ ते ९ वयाच्या मुलांपैकी ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयाच्या मुलांपैकी ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे शाळा बंद असतानाही निम्म्याहून जास्त मुलांना घरीदारी विषाणू भेटून गेला होता. परिषदेचे महासंचालक बलराम भार्गव यांनी तेव्हाच सांगितलं होतं की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून उघडणं शहाणपणाचं ठरेल, लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, मात्र शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं लसीकरण झालेलं हवं. डेन्मार्कने तर १५ एप्रिल २०२० लाच, लस दूरदूर नसताना, पाचवीपर्यंतची लहान मुलं सगळ्यांत आधी शाळेत बोलावली होती. आमच्या छोट्यांना मात्र त्या जुलैनंतरही साडेचार महिने थांबावं लागलं.

भीती खोटी नव्हती, हेही लिहायला हवं. एप्रिल-मे २०२१ मध्ये आमच्या गावाने माणसं गमावली होती. तालुक्याला खाट मिळत नव्हती. तिसरी लाट लहान मुलांवर येणार असं तेव्हा रोज कुणी ना कुणी म्हणत होतं. अशा वेळी निर्णय घेणाऱ्या माणसाच्या खुर्चीत बसून बघितलं तर ‘थांबा’ म्हणणं सोपं जातं, कारण शाळा उघडली आणि एक मूल दगावलं तर त्याचा जाब लगेच विचारला जातो. शाळा बंद राहिली आणि मूल वाचायला शिकलं नाही तर जाब विचारायला कुणी येत नाही.

सहा फुटांचा हिशोब

आमच्या दुसरीच्या खोलीचं माप २० फूट बाय २५ फूट. नियम असा की एका बाकावर एकच मूल आणि दोन मुलांत सहा फूट. फळ्यापुढे मला उभं राहायला सहा फूट सोडले की उरतात २० बाय १९. चुन्याने खुणा केल्या तेव्हा एका ओळीत चार आणि अशा चार ओळी बसल्या. सोळा मुलं. दाराजवळ एक बाक जास्तीचं घुसवून सतरा केली. पट चौतीस, म्हणून दोन तुकड्या, एक दिवसाआड. शाळा तीन तास. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला नऊ तास आले. नेहमीच्या वेळापत्रकाचा हा तिसरा हिस्साही नाही.

‘शाळा सुरू झाल्या’ अशी बातमी तेव्हा सगळीकडे होती. प्रत्यक्षात शाळा किती सुरू झाली हे सहा या आकड्यावर ठरत होतं.

आता हाच हिशोब तीन फुटांनी करा. त्याच खोलीत एका ओळीत सात, सात ओळी, ४९ जागा. माझी चौतीस मुलं रोज बसली असती, वर जागा उरली असती. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मास्क असेल तर वर्गात तीन फूट पुरे, असं १९ मार्च २०२१ लाच सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटना तर पहिल्यापासून एक मीटर म्हणत होती. आमच्यापर्यंत आला तो सहाच. तो कुठून आला, का आला, कुणी विचारलं नाही, आणि मीही तेव्हा विचारलं नाही. मला हातात टेप घेऊन मोजायचं सुचलं, आकड्याबद्दल प्रश्न विचारायचं सुचलं नाही. ही माझी चूक मी या प्रकरणात नोंदवून ठेवते.

नियमांची किंमत एकसारखी नसते, हे मला या खोलीत कळलं. थर्मल गनने रोज ताप मोजायला वीस मिनिटं जात. बाकांवर हायपोक्लोराइटची फवारणी करायला तास जाई, तो शाळा सुटल्यावर, मुलांचं काही बुडत नसे. पण अंतराचा एक आकडा निम्मी मुलं निम्मे दिवस घरी बसवत होता. सैल करायची वेळ येते तेव्हा सगळ्यांत आधी हात इथे घालायला हवा होता. प्रत्यक्षात हा नियम जवळजवळ शेवटपर्यंत राहिला, कारण तो दिसायला सगळ्यांत शिस्तीचा होता. भेट द्यायला येणारे अधिकारी दारातून वर्गाचा फोटो काढत, आणि त्या फोटोत अंतर दिसतं.

न आणि ण

दुसरी किंमत मास्कची. त्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण प्राथमिकला न शिकवलेल्या माणसाला ती चटकन दिसत नाही.

मराठी वाचायला शिकणारं मूल कानाबरोबर डोळ्यांनीही ऐकतं. ‘न’ म्हणताना जीभ दातांशी जाते, ‘ण’ म्हणताना वर टाळूकडे वळते, तोंड थोडं उघडं राहतं. ‘ल’ आणि ‘ळ’चं तसंच. ‘स’ला दात जवळ येतात, ‘श’ला ओठ पुढे येतात. घरी ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हणणारी मुलं शाळेत येऊन ‘पाणी’ आणि ‘लोणी’ लिहायला शिकतात, ती बाईंच्या तोंडाकडे बघत बघत. डिसेंबरमध्ये मी मास्कआडून ‘बाण’ म्हणत होते आणि पाटीवर ‘बान’ येत होता. मी जोरात म्हटलं, तरी ‘बान’. शेवटी खिडकीशी जाऊन, मुलांपासून लांब उभं राहून, मास्क खाली ओढून एकदा म्हटलं. सतरापैकी सतरा माना माझ्या तोंडाकडे वळल्या. पुढच्या वेळी बऱ्याच पाट्यांवर ‘ण’ दिसला.

त्या दिवशी मी नियम मोडला. संध्याकाळपर्यंत मनात धाकधूक होती.

मुलांच्या तोंडावरच्या मास्कचं वेगळंच. मूल वाचून दाखवायचं आणि ते अक्षर ओळखतंय की अंदाजाने पुटपुटतंय हे मला कळायचं नाही. दुपारपर्यंत मास्क ओला व्हायचा, शेंबडाने भरायचा, खिशात जायचा, जमिनीवर पडायचा, शेजारच्याशी अदलाबदल व्हायचा. आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये स्पष्ट केलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची शिफारस नाही, आणि ६ ते ११ वयाची मुलं मोठ्यांच्या देखरेखीखाली, स्वतः नीट हाताळता येत असेल तर वापरू शकतात. ‘वापरू शकतात’ हे शाळेपर्यंत येईतो ‘वापरलाच पाहिजे’ झालं. वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडी कडक भर पडत गेली. जिल्ह्याने एक वाढवलं, तालुक्याने एक, आणि मुख्याध्यापक म्हणून मीही एक वाढवलं असेल. उगाच आपल्यावर यायला नको, हा विचार प्रत्येकाच्या मनात.

संमतीपत्र

पालकांकडून संमतीपत्र घ्यायचं होतं. छापील कागद, खाली सही किंवा अंगठा. कल्पना चांगली वाटते: पालकाला विचारा. पण कागद वाचून दाखवताना माझ्या लक्षात आलं की यात विचारणं कमी आणि जबाबदारी सरकवणं जास्त आहे. ज्या बाईला आपण बोट ठेवून ‘इथे अंगठा’ म्हणतो, तिने विषाणूचा धोका आणि शिक्षणाचं नुकसान तोलून निर्णय घ्यायचा, अशी ही अपेक्षा. बहुतेकांनी मला विचारलं, “बाई, तुम्ही काय म्हणता? पाठवू का?” मी हो म्हटलं की अंगठा उठायचा. मग ती संमती कुणाची?

एका आईने डिसेंबरमध्ये सही केली नाही. तिचा नवरा मे महिन्यात गेला होता. मी दोनदा घरी गेले. ती म्हणाली, “बाई, तुमचं बरोबर असंल. पण मला झोप लागायची न्हाई.” मी म्हटलं, “ताई, घाई नाही. मी गृहपाठ आणून देते.” दर शनिवारी मी तिच्या मुलीला कागद नेऊन दिले, तिथेच ओट्यावर बसून अर्धा तास वाचून घेतलं. २४ जानेवारीला शाळा परत उघडली तेव्हा ती स्वतः मुलीला घेऊन आली. सैल करणं याचा अर्थ सगळ्यांनी एकाच दिवशी निर्धास्त व्हायचं असा नसतो, आणि जे मागे थांबतात त्यांना हिणवायचं नसतं, हे मी तिच्याकडून शिकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने नव्या मार्गदर्शक सूचनांत संमतीची अट राज्यांवर सोडली. आमच्याकडे संमतीपत्रांची फाइल बंद झाली ती कुणी सांगून नव्हे. नवीन कोरे कागद यायचे थांबले, एवढंच.

जानेवारी : पुन्हा बंद, आणि एक खिडकी

पहिली ते चौथी सुरू करायचा निर्णय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबरला घेतला आणि दुसऱ्याच दिवशी विषाणूच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची घोषणा झाली. मुंबईने लहान वर्ग १५ डिसेंबरला उघडले, पुण्याने १६ला. ८ जानेवारीच्या आदेशाने राज्यातल्या शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद झाल्या. माझ्या दुसरीच्या मुलांना तोवर प्रत्येकी पंधरा-सोळा दिवस मिळाले होते. ‘हजर बाई’ म्हणायला नुकती शिकली होती.

या वेळी एक वेगळी गोष्ट घडली. पालकच चिडले. बाजार चालू, लग्नं चालू, मग शाळाच का, असं ग्रामपंचायतीत उघड बोललं गेलं. असं राज्यभर घडत असणार, कारण १५ फेब्रुवारीची वाट न बघता २४ जानेवारीपासून शाळा उघडायला परवानगी मिळाली, आणि निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला गेला. माझ्या मते या सगळ्या काळातला हा सर्वांत चांगला निर्णय होता. राज्यातल्या हजारो गावांना एकच तारीख लावण्यापेक्षा जिथली तिथे परिस्थिती बघा, हे जुलैमधल्या कोविडमुक्त गावांच्या नियमात होतं, मधे ते हरवलं होतं.

त्या पंधरा दिवसांच्या सुट्टीत आम्ही खिडकी उघडली.

दुसरीच्या खोलीला पश्चिमेला दोन खिडक्या. दोन्हींवर कित्येक वर्षांपासून बाहेरून पत्रा ठोकलेला, पावसाची झड आत येते म्हणून. पूर्वेला दार आणि व्हरांडा. म्हणजे हवा आत यायची, पण बाहेर जायला वाट नाही. नियमांच्या यादीत ‘वर्गखोल्यांत वायुवीजन असावे’ अशी एक ओळ होती, आणि तपासणीच्या फॉर्मवर मी तिच्यापुढे ‘होय’ लिहिलं होतं, कारण दार उघडं असायचं. मास्क, अंतर, ताप, फवारणी, सगळं मोजून मापून. हा विषाणू हवेतून पसरतो हे तोवर जगभर मान्य झालं होतं, आणि हवेबद्दल आमच्याकडे ती एक ओळ.

तिसरीतल्या एका मुलाचे आजोबा सुतार. त्यांना बोलावलं. त्यांनी खोलीत येऊन आधी उदबत्ती मागितली. मधल्या बाकावर लावून ठेवली आणि दार उघडं ठेवून आम्ही दोघं बघत राहिलो. धूर सरळ वर गेला, आढ्याखाली साचला, तिथेच राहिला. म्हणाले, “बघा बाई. इथं पोरं बसवता तुम्ही.” मग पकडीने खिळे काढून त्यांनी दोन्ही पत्रे उतरवले. गंज इतका होता की एकाचा कोपरा तुटून हातात आला. परत उदबत्ती लावली. धूर वर चढलाच नाही, आडवा होऊन पश्चिमेच्या खिडकीतून बाहेर गेला. मी विचारलं, “आबा, काय द्यायचं?” त्यांनी पैसे घेतले नाहीत, पत्रा तेवढा कोंबड्यांच्या खुराड्याला मागितला.

दीड वर्ष आम्ही ज्या फवारण्या केल्या, त्या सगळ्यांपेक्षा या एका तासाचं काम मोठं होतं असं मला वाटतं. पृष्ठभागावरून संसर्गाचा धोका फार थोडा आहे, हे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं. आमच्याकडे बाकं पुसणं २०२२च्या जूनपर्यंत चालू होतं.

कागद कुठे आहे?

मार्च २०२२ मध्ये पूर्ण उपस्थितीने, पूर्ण वेळ वर्ग भरवण्याच्या सूचना आल्या. शिजवलेला पोषण आहार परत सुरू झाला. दोन वर्षं तांदूळ आणि कडधान्य पुडीत बांधून घरी दिलं होतं, आता पुन्हा व्हरांड्यात पंगत. स्वयंपाकी ताईंनी पहिल्या दिवशी खिचडीचं पातेलं उतरवलं तेव्हा मोठी मुलं वासानेच वर्गाबाहेर आली. १६ मार्चपासून १२ ते १४ वयोगटाला लस सुरू झाली, सातवीतली काही मुलं त्यात बसली. १५ ते १८ची ३ जानेवारीपासूनच सुरू होती. २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला.

सोमवारी ४ एप्रिलला मी मास्कशिवाय वर्गात गेले. मुलं गप्प. पहिल्या बाकावरची एक मुलगी शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “बाई, तुम्ही आमच्याच बाई ना?” चार महिने शिकवत होते मी तिला. तिने माझा आवाज, माझे डोळे, माझ्या साड्या पाहिल्या होत्या. पूर्ण चेहरा असा जवळून आज पाहत होती.

निर्बंध उठले, पण शाळेतल्या एकेका नियमाचं काय? मी सगळी परिपत्रकं काढून बसले. प्रत्येकात ‘करावे’, ‘ठेवावे’, ‘घ्यावे’ असं होतं. ‘आता करू नये’, ‘आता थांबवावे’ असं कुठेच सापडेना. थर्मल गनचं तापमान रजिस्टर चालू ठेवायचं का? खो-खो घ्यायचा का? परिपाठ मैदानात घ्यायचा की वर्गातच? तालुक्याला फोन केला. उत्तर मिळालं, “मॅडम, तुमच्या पातळीवर बघा.” लेखी द्याल का, म्हटलं. त्यावर ते हसले.

म्हणून आम्ही तापमानाचं रजिस्टर जूनपर्यंत भरलं. शेवटी शेवटी एक शिक्षक न मोजताच आकडे भरत होते. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही, कारण मला त्यांच्यापेक्षा त्या रजिस्टरचाच राग आला होता. खो-खो एप्रिलमध्ये आपोआप सुरू झाला, पोरींनी स्वतःच. लावलेल्या प्रत्येक नियमाला तारीख आणि जावक क्रमांक होता. काढलेल्या नियमाला नव्हता. पुढे कधी असे नियम लावायची पाळी आली तर प्रत्येकाखाली एक ओळ हवी: हा नियम कशासाठी आहे, कोणती गोष्ट घडली की तो संपेल, आणि तो संपला हे कोण सांगणार. मागच्या वेळी ती ओळ असती तर सहा फूट ऑक्टोबरमध्येच तीनवर आले असते, आणि फवारणी त्याहून आधी थांबली असती.

उलट बाजूही तितकीच खरी. कागद नसल्यामुळे नको ते नियम रेंगाळले आणि हवे ते निघून गेले. पाडव्यानंतर ‘कोविड संपला’ अशी एकच हाक आली आणि तिच्याबरोबर सगळंच वाहून गेलं. हात धुवायला ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून नळांची रांग बसवली होती. मे महिन्यात मोटर बिघडली, ती दुरुस्त करायची निकड कुणालाच वाटली नाही. आजारी मुलाला घरी ठेवा, हजेरीचा विचार करू नका, असं आम्ही दोन वर्षं सांगत होतो. नव्या वर्षात पूर्ण हजेरीचं बक्षीस परत आलं, आणि जुलैमध्ये एक मुलगा अंगात ताप घेऊन बाकावर डोकं टेकून बसलेला मला दिसला. का आलास, तर म्हणे, “बाई, बक्षीस जाईल.” ते बक्षीस मी बंद केलं. देणगीदार नाराज झाले.

मुलांचं वाचन आणि गणित तपासणारी २०२२ची ‘असर’ पाहणी आली तेव्हा देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली फक्त २०.५ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. २०१८ मध्ये ती २७.३ टक्के होती. ती तिसरी म्हणजे माझी हीच मुलं. निम्म्याहून जास्त जण अक्षराला अक्षर लावत होते. आम्ही सकाळी तासभर आधी शाळा उघडून त्यांना वाचायला बसवलं, वर्षभर. जिची आई संमती द्यायला उशिरा तयार झाली होती ती मुलगी त्यात सगळ्यांत पुढे गेली. शनिवारचे ओट्यावरचे अर्धे तास तिच्या कामी आले असावेत.

पुढे माझी बदली झाली. कार्यभार देताना आम्ही नोंदवहीत साहित्याची यादी लिहितो: टेबल इतके, खुर्च्या इतक्या, थर्मल गन एक, ऑक्सिमीटर एक, बंद. त्या यादीच्या आधी मी एक पान वेगळं लिहिलं. पहिली नोंद अशी आहे: ‘दुसरीची खोली, पश्चिमेच्या दोन खिडक्या. पत्रा ठोकू नये. पाऊस आला तर आतून ताडपत्री सोडावी, ती चौकटीच्या वर खिळ्याला गुंडाळून ठेवली आहे. पाऊस थांबला की वर गुंडाळावी.’